टिपणांची मांडणी आणि ग्रंथाची घडण



कुवेंपुनगर ही म्हैसूर शहरातील वसाहत ज्या कवीच्या नावाने ओळखली जाते, त्या कुवेंपूंनी १९५६ ते १९६० या काळात म्हैसूर विद्यापीठाचे कुलगुरुपद सांभाळले आणि विद्यापीठाच्या नव्या परिसराला 'मानसगंगोत्री' हे नाव दिले. नदी जेथून उगम पावते ते स्थान म्हणजे गंगोत्री. ज्ञानाच्या प्रवाहालाही असा एखादा उगम असतो, हा त्या नावाचा आशय. परंतु उगमापासून निघालेले पाणी शेतापर्यंत पोहोचवायचे, तर मध्ये पाट, बांध आणि दारे लागतात. वाचन आणि निरीक्षण यांतून मिळालेली माहिती ग्रंथापर्यंत पोहोचवण्याचे काम असेच आहे. ही मधली व्यवस्था म्हणजे टिपणे आणि त्यांची मांडणी. संगणकावरील आज्ञावली, म्हणजे ज्यांना सर्वत्र सॉफ्टवेअर म्हटले जाते, त्या या कामी कितपत उपयोगी पडतात आणि कोठे अपुऱ्या ठरतात, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

जुना प्रश्न

हा प्रश्न संगणकाबरोबर जन्माला आला, असा पुष्कळांचा समज असतो. तो खरा नाही आणि त्याचा पुरावा म्हैसुरातच आहे. येथील प्राच्य ग्रंथालयात विसाव्या शतकाच्या आरंभी ताडपत्रांची एक पोथी आली. ग्रंथपाल आर. शामशास्त्री यांनी ती वाचली आणि हे कौटिल्याचे अर्थशास्त्र आहे असे ओळखले. १९०९ साली त्यांनी संस्कृत संहिता प्रसिद्ध केली आणि १९१५ साली तिचे इंग्रजी भाषांतर ग्रंथरूपाने छापले गेले. राज्यव्यवहारावरील या ग्रंथाची चर्चा गुप्तहेर, करपद्धती आणि युद्धनीती यांच्या अनुषंगाने पुष्कळ झाली. त्याचे शेवटचे, पंधरावे अधिकरण मात्र राज्यव्यवहाराविषयी नाहीच. त्याचे नाव 'तंत्रयुक्ति' असे आहे, आणि शास्त्रग्रंथाची रचना कोणत्या बत्तीस युक्तींनी केली जाते, याचे विवेचन तेथे आढळते.

त्यांपैकी काही युक्ती आजच्या लेखकाने ध्यानात ठेवाव्यात अशा आहेत. ज्या विषयाला अनुलक्षून विवेचन चालते तो विषय म्हणजे 'अधिकरण'. शास्त्रातील प्रकरणांचा अनुक्रम सांगणे म्हणजे 'विधान'. थोडक्यात सांगणे हा 'उद्देश' आणि तेच विस्ताराने सांगणे हा 'निर्देश'. 'हे पुढे सांगितले जाईल' असे म्हणणे म्हणजे 'अनागतावेक्षण' आणि 'हे मागे सांगितले आहे' असे म्हणणे म्हणजे 'अतिक्रान्तावेक्षण'. ग्रंथकर्त्याने स्वतःही हा नियम पाळला आहे. ग्रंथाच्या पहिल्याच अध्यायात प्रकरणांची यादी येते, आणि पंधरा अधिकरणे, दीडशे अध्याय व एकशे ऐंशी प्रकरणे अशी मोजदादही तेथे दिलेली आहे.

आज संगणकाच्या पडद्यावर एखाद्या मथळ्याखालचा मजकूर मिटवून केवळ मथळा दिसू देता येतो, आणि हवा तेव्हा तो उलगडता येतो. उद्देश आणि निर्देश यांचेच हे रूप होय. एका टिपणातून दुसऱ्या टिपणाकडे नेणारा दुवा हे अतिक्रान्तावेक्षणाचेच यांत्रिक रूप होय. साधन नवे आहे, गरज पुरातन आहे. ही गोष्ट मनाशी पक्की असली म्हणजे साधनाचे अवास्तव कौतुकही होत नाही आणि त्याची अकारण भीतीही वाटत नाही.

चिठ्ठीचे सामर्थ्य

पोथी किंवा वही यांत एक मोठी अडचण असते. ज्या क्रमाने मजकूर लिहिला गेला, त्याच क्रमाने तो कायमचा बांधला जातो. सोमवारी वाचलेल्या ग्रंथातील उतारा सोमवारच्या पानावर राहतो, मग तो पुस्तकाच्या शेवटच्या प्रकरणासाठी उपयोगी असो वा पहिल्या. ही अडचण दूर करण्यासाठी विद्वानांनी सुट्या चिठ्ठीचा आश्रय घेतला. एका चिठ्ठीवर एकच गोष्ट लिहायची, आणि मग चिठ्ठ्यांचा क्रम हवा तसा बदलायचा. कल्पना साधी आहे, परंतु तिच्या आधारावर प्रचंड कामे उभी राहिली.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधील संस्कृत कोशाचे उदाहरण या संदर्भात अत्यंत बोलके आहे. डॉ. सु. मं. कत्रे यांच्या पुढाकाराने १९४८ साली या ऐतिहासिक कोशाचे काम सुरू झाले. ऋग्वेदापासून पुढील अनेक शतकांतील सुमारे दीड हजार ग्रंथ निवडून त्यांतील शब्द चिठ्ठ्यांवर उतरवण्यात आले. चिठ्ठीवर शब्द, तो ज्या वाक्यात आला ते अवतरण आणि ग्रंथातील नेमके स्थळ यांची नोंद असे. अशा चिठ्ठ्यांची संख्या एक कोटीच्या घरात गेली. वाचकाने ग्रंथाच्या क्रमाने उतरवलेली चिठ्ठी पुढे वर्णक्रमाने लागली, आणि एका शब्दाखाली आलेल्या चिठ्ठ्या पुन्हा काळाच्या क्रमाने लागल्या. एकाच सामग्रीची अशी पुनर्रचना होत गेली, तेव्हा शब्दाचा इतिहास दिसू लागला. कोशाच्या पहिल्या खंडाचे प्रकाशन १९७६ साली डॉ. अ. मा. घाटगे यांच्या संपादकत्वाखाली सुरू झाले.

दुसरे उदाहरण भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारताचे आहे. १९१९ साली आरंभ झालेली ही चिकित्सक आवृत्ती १९६६ साली पूर्ण झाली. तिच्यासाठी बाराशेहून अधिक हस्तलिखिते तपासण्यात आली. पाठभेद टिपण्यासाठी चौकटी आखलेले कागद वापरले जात. वरच्या ओळीत मूळ श्लोकाचे एकेक अक्षर एकेका चौकटीत लिहीत, आणि खाली प्रत्येक हस्तलिखितासाठी एक ओळ ठेवून जेथे फरक असेल तेवढीच अक्षरे भरत. एकाच पोथीचे वैशिष्ट्य पाहायचे असेल तर आडवे वाचावे, एकाच अक्षराची सर्व रूपे पाहायची असतील तर उभे वाचावे. आज संगणकावरील तक्त्यात ओळी आणि रकाने यांची जी सोय मिळते, तिचा हा हाताने आखलेला पूर्वावतार होता. डॉ. वि. सी. सुकथनकर यांनी संपादनाची जी पद्धत घालून दिली, तिचा पाया या कागदांवर होता.

या दोन्ही उदाहरणांत चिठ्ठीचे सामर्थ्य दिसते, तशीच तिची मर्यादाही दिसते. कागदाची चिठ्ठी एका वेळी एकाच ठिकाणी राहू शकते. ती वर्णक्रमाच्या खणात असेल तर विषयाच्या खणात नसते. दोन्हीकडे हवी असेल तर नक्कल करावी लागते, आणि नक्कल केली की एका प्रतीतील दुरुस्ती दुसरीत करायची राहून जाते. बी. एल. राइस यांनी १८८६ पासून प्रसिद्ध केलेल्या 'एपिग्राफिया कर्नाटिका' या शिलालेखसंग्रहात लेखांना तालुक्यांनुसार क्रमांक दिले आहेत. गावाचा इतिहास लिहिणाऱ्याला ही मांडणी सोयीची आहे. परंतु एखाद्या राजाच्या कारकिर्दीचा वा दानपद्धतीचा अभ्यास करणाऱ्याला तेच लेख निराळ्या क्रमाने हवे असतात, आणि त्याला स्वतंत्र सूचीशिवाय पर्याय नसतो. दोष संपादकाचा नव्हे. छापील पानाला एकच क्रम असतो, एवढाच याचा अर्थ.

यंत्राने काय बदलले

कागदाच्या मर्यादेतच राहून तिच्यावर मात करण्याचा एक प्रसिद्ध प्रयत्न जर्मन समाजशास्त्रज्ञ निकलास लूमान यांनी केला. त्यांच्या संग्रहात सुमारे नव्वद हजार चिठ्ठ्या होत्या. विषयवार खण करण्याऐवजी त्यांनी प्रत्येक चिठ्ठीला कायमचा क्रमांक दिला. एखाद्या चिठ्ठीतून नवा विचार फुटला की त्या क्रमांकाला अक्षर वा आकडा जोडून नवी चिठ्ठी तिच्यामागे लावायची, आणि दूरच्या चिठ्ठीशी संबंध असेल तर तिचा क्रमांक येथे लिहायचा, अशी त्यांची रीत होती. चिठ्ठी जागची हलत नसे. विचार मात्र क्रमांकांच्या वाटेने एका चिठ्ठीकडून दुसरीकडे जाई.

हीच कल्पना यंत्राच्या संदर्भात व्हॅनेव्हर बुश या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९४५ साली एका लेखात मांडली होती. त्यांच्या कल्पनेतील यंत्र सूक्ष्मपटांवर चालणारे होते आणि ते प्रत्यक्षात आले नाही. पुढे ९ डिसेंबर १९६८ रोजी डग्लस एंगेलबार्ट यांनी सॅन फ्रान्सिस्को येथे संगणकावर जे प्रात्यक्षिक दाखवले, त्यात बाजारहाटाची एक साधी यादी होती. त्यांनी ती यादी पडद्यावर वर्गवार लावून दाखवली, मिटवली, पुन्हा उलगडली आणि घरी जाण्याच्या वाटेच्या नकाशावरही मांडली. वस्तू त्याच होत्या, मांडण्या अनेक होत्या. टिपणांच्या आज्ञावलींचे सारे मर्म या एका उदाहरणात सामावले आहे. १९८३ साली घरगुती संगणकांसाठी 'थिंकटँक' नावाची आराखडा करणारी आज्ञावली विक्रीस आली, आणि २००७ साली आलेल्या 'स्क्रिव्हनर'ने लेखकाला फळ्यावर टाचलेल्या कार्डांसारखी प्रकरणे पुढेमागे सरकवण्याची सोय दिली. त्यानंतर अशा साधनांची संख्या पुष्कळ वाढली. नावे निराळी असली तरी त्यांची मूलभूत कामे चारच आहेत.

पहिले काम विभागणीचे : लांबलचक मजकुराचे सुटे, स्वतंत्र अर्थ असलेले तुकडे करणे. दुसरे नामकरणाचे : प्रत्येक तुकड्याला मथळा आणि खुणेचे शब्द देणे. तिसरे जोडणीचे : एका तुकड्यातून दुसऱ्याकडे दुवा देणे. चौथे पुनर्रचनेचे : मूळ तुकडा न बदलता त्याचा क्रम आणि गट बदलणे. कागदावर पहिली तीन कामे कष्टाने साधत होती. चौथे काम मात्र यंत्राने खऱ्या अर्थाने सुलभ केले, कारण यंत्रातील एकच टिपण एकाच वेळी दहा याद्यांत दिसू शकते आणि त्यात केलेली दुरुस्ती दहाही ठिकाणी दिसते.

एक कल्पित उदाहरण

हे स्पष्ट होण्यासाठी एक उदाहरण घेऊ. समजा, कुवेंपुनगरात राहणारी एखादी मराठी भाषक शिक्षिका म्हैसूरच्या तलावांवर पुस्तक लिहू इच्छिते. वसाहतीच्या नैर्ऋत्येला लिंगांबुधी तलाव आहे, मानसगंगोत्रीला लागून कुक्करहळ्ळी तलाव आहे, चामुंडी टेकडीच्या पायथ्याकडे कारंजी तलाव आहे. ती जुनी गॅझेटिअरे वाचते, कन्नड वृत्तपत्रांतील कात्रणे जमवते, पक्ष्यांच्या नोंदी करते, वृद्ध रहिवाशांच्या आठवणी लिहून घेते. तिची टिपणे कन्नड, मराठी आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत आहेत.

तिचा पहिला आराखडा स्वाभाविकपणे तलावागणिक असणार : एका तलावाला एक प्रकरण. टिपणे थोडी असेपर्यंत ही मांडणी चांगली चालते. परंतु ती शेकड्यांत गेली की एक गोष्ट ध्यानात येऊ लागते. दिवाण पूर्णय्या यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नाल्याविषयीचे टिपण कुक्करहळ्ळीच्या गटात आहे. दुसऱ्या एका तलावाच्या गटात ओढे बुजल्याची तक्रार आहे. तिसऱ्या गटात पावसाळ्यात रस्त्यावर पाणी साचल्याचे कात्रण आहे. ही टिपणे निरनिराळ्या प्रकरणांत विखुरलेली असेपर्यंत ती तीन किरकोळ घटना वाटतात. त्यांना 'पाण्याची वाट' अशी एकच खूण देऊन ती एका यादीत आणली की प्रश्नाचे स्वरूपच बदलते. तलाव हा वेगळा जलाशय नसून वाहत्या पाण्याच्या साखळीतील एक कडी आहे, हे सूत्र पुढे येते. मग पुस्तकाची प्रकरणे तलावांच्या नावांनी न होता पाणी येणे, साठणे, वापरले जाणे आणि अडणे अशा क्रमाने होऊ शकतात.

येथे यंत्राने नेमके काय केले, हे पाहणे आवश्यक आहे. तलावांमधील संबंध यंत्राने शोधला नाही. तो लेखिकेने ओळखला. यंत्राने एवढेच केले की, तो संबंध तपासून पाहण्याची किंमत कमी केली. कागदावर तिला शेकडो चिठ्ठ्या काढून पुन्हा लावाव्या लागल्या असत्या, आणि नवी मांडणी फसली तर जुनी परत मिळाली नसती. यंत्रात ती जुनी मांडणी तशीच ठेवून नवी करून पाहू शकते. चुकीच्या क्रमाची भीती गेली की योग्य क्रमाचा शोध निर्भयपणे घेता येतो.

आपल्या लिपीचे विशेष प्रश्न

या आज्ञावली बहुतांशी रोमन लिपी आणि इंग्रजी भाषा समोर ठेवून घडल्या. मराठीत टिपणे ठेवणाऱ्याने म्हणून काही गोष्टींची अधिक काळजी घेतली पाहिजे.

पहिली गोष्ट अक्षरांच्या साठवणीची. युनिकोड ही संकेतप्रणाली १९९१ पासून अस्तित्वात असून तिच्यात देवनागरीला आरंभापासून स्थान आहे. परंतु मराठीतील लेखन आणि छपाई दीर्घकाळ निरनिराळ्या फॉन्टांवर चालली, आणि त्यांतील प्रत्येकाचे संकेत वेगळे होते. अशा फॉन्टात लिहिलेले टिपण दुसऱ्या संगणकावर उघडले की देवनागरीच्या जागी निरर्थक रोमन चिन्हे दिसतात. मजकूर नष्ट झालेला नसतो, पण वाचता येत नाही, आणि शोध तर घेताच येत नाही. ज्यांच्यापाशी अशी जुनी टिपणे आहेत, त्यांनी ती युनिकोडमध्ये रूपांतरित करून मूळ प्रतीशी ताडून घेणे हे नवी आज्ञावली शिकण्यापेक्षा अधिक निकडीचे काम आहे. कन्नड आणि मराठी एकाच टिपणात शेजारी ठेवण्याची सोयही युनिकोडमुळेच निर्वेध झाली.

दुसरी गोष्ट शब्दरूपांची. मराठी शब्दाला विभक्तीचा प्रत्यय लागताना त्याचे सामान्यरूप होते आणि मूळ शब्दाचा आकार बदलतो. 'विहीर' हा शब्द शोधला तर 'विहिरीत' सापडत नाही, कारण मधली वेलांटी ऱ्हस्व झालेली असते. 'पाऊस' शोधला तर 'पावसाने' निसटतो. 'मूल' शोधले तर 'मुलांना' हाती लागत नाही. इंग्रजीत शोधयंत्रावर जो विश्वास टाकता येतो, तो मराठीत तसाच टाकला तर अर्धी सामग्री दृष्टीआड राहते. यावर उपाय साधा आहे : प्रत्येक टिपणाच्या माथ्यावर मुख्य शब्द मूळ रूपात, प्रथमेच्या एकवचनात लिहावेत. जुन्या ग्रंथसूचीकारांची हीच शिस्त होती.

तिसरी गोष्ट शुद्धलेखनाची. मराठी साहित्य महामंडळाचे नियम १९६२ साली आले आणि व्युत्पत्तीने लिहिले जाणारे अनेक अनुस्वार गेले. त्यापूर्वीच्या ग्रंथांत 'कांहीं', 'नाहीं' अशी रूपे असतात. अवतरण मुळाबरहुकूम उतरवणे हे संशोधकाचे कर्तव्यच आहे. परंतु मग त्याखाली आजच्या लेखनपद्धतीतील खुणेचे शब्द दिले नाहीत, तर ते अवतरण शोधात येत नाही. 'दऱ्या', 'सुऱ्या' यांसारख्या शब्दांतील अर्ध्या र-काराचे आणि 'ॲ' या अक्षराचेही असेच आहे. पडद्यावर सारखीच दिसणारी ही अक्षरे संगणकात एकाहून अधिक प्रकारांनी साठवलेली असू शकतात. 'ॲ'ला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळाले ते २००८ साली. त्यापूर्वीचे मजकूर वेगळ्या जोडणीने लिहिलेले आहेत. डोळ्यांना एक दिसणारे यंत्राला दोन दिसते, ही गोष्ट विसरून चालत नाही.

साधनाचा मोह

आता या विषयाची दुसरी बाजू पाहिली पाहिजे, कारण खरा धोका तेथे आहे. टिपणे लावणे हे लेखनासारखे दिसते, पण ते लेखन नव्हे. खुणा द्याव्यात, रंग द्यावेत, दुवे जोडावेत, आराखडा पुन्हा बदलावा, नवी आज्ञावली आली की सारे तिच्यात न्यावे, यात वर्षे निघून जातात. काम चालू असल्याचे समाधान मिळते आणि पान मात्र कोरे राहते. कागदाची चिठ्ठी हलवायला कष्ट पडत, म्हणून ती विनाकारण हलवली जात नसे. यंत्राने ते कष्ट नाहीसे केले आणि त्याबरोबर तो आवरही नाहीसा केला.

या संदर्भात मराठी विद्वत्परंपरेतील दोन कामे डोळ्यांपुढे ठेवण्यासारखी आहेत. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे तेवीस खंड १९२० ते १९२९ या काळात प्रसिद्ध केले. एवढ्या विस्ताराच्या कोशात उणिवा राहणारच. परंतु कोश छापून वाचकांच्या हाती गेला, म्हणून त्या उणिवांवर चर्चा होऊ शकली. म. म. पांडुरंग वामन काणे 'व्यवहारमयूख' या ग्रंथाच्या संपादनासाठी धर्मशास्त्राच्या इतिहासाची प्रस्तावना लिहू पाहत होते. सामग्री वाढत गेली, प्रस्तावनेची चौकट मोडली, आणि 'हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र' हा पाच खंडांचा ग्रंथ १९३० ते १९६२ या काळात प्रसिद्ध झाला. सामग्रीच्या मागणीनुसार रचना बदलण्याचे हे फार मोठे उदाहरण आहे. त्याचबरोबर ध्यानात घ्यावे की, काण्यांनी सारे जमेपर्यंत वाट पाहिली नाही. पहिला खंड छापला, मग पुढचा. रचना बदलत राहिली आणि प्रकाशनही होत राहिले.

याउलट ज्यांची टिपणे कधीच मांडली गेली नाहीत, अशा अभ्यासकांचे काय होते, हे गावोगावी पाहायला मिळते. निवृत्त शिक्षक, वैद्य, कीर्तनकार, वकील यांनी आयुष्यभर जमवलेली माहिती त्यांच्या पश्चात ट्रंकेत राहते. कोणते टिपण अवतरण आहे आणि कोणते स्वतःचे मत, कोणता उतारा कोणत्या ग्रंथातील, हे फक्त त्यांनाच ठाऊक असते. घरची माणसे आदराने ती जपतात, पण ती कोणालाच वाचता येत नाहीत. संगणकामुळे ही शोकांतिका टळेल असे मानण्याचे कारण नाही. परवलीचा शब्द कोणाला ठाऊक नाही, आज्ञावली बंद पडली, तबकडी बिघडली, की ट्रंक निदान उघडता तरी येत होती असे म्हणण्याची पाळी येते.

अलीकडे टिपणांचा सारांश काढून देणारी आणि आपणहून आराखडा सुचवणारी यंत्रेही आली आहेत. त्यांनी सुचवलेला आराखडा पाहण्यास हरकत नाही. एखादा चतुर विद्यार्थी ज्याप्रमाणे अनपेक्षित संबंध दाखवून देतो, त्याप्रमाणे तेही कधी दाखवून देतील. परंतु सारांशात मूळ साक्ष हरवते, आणि यंत्र जे आत्मविश्वासाने सांगते ते टिपणात असेलच असे नाही. विधानाची जबाबदारी ज्याच्या नावावर ग्रंथ छापला जातो त्याची असते. म्हणून यंत्राचे प्रत्येक वाक्य मूळ टिपणाशी, आणि टिपण मूळ ग्रंथाशी ताडून पाहण्यावाचून गत्यंतर नाही.

काही व्यावहारिक नियम

वरील विवेचनातून काही नियम निष्पन्न होतात. कोणतीही आज्ञावली वापरली तरी ते लागू पडतात.

एका टिपणात एकच मुद्दा असावा. दोन मुद्दे एकत्र बांधले की ते एकत्रच फिरतात, आणि पुनर्रचनेचा मार्ग बंद होतो.

प्रत्येक टिपणात ग्रंथाचे नाव, आवृत्तीचे वर्ष आणि पृष्ठांक त्याच वेळी लिहावा. तोंडी माहिती असेल तर सांगणाऱ्याची संमती आणि दिनांक लिहावा. ही नोंद दुसऱ्या ठिकाणी ठेवली तर क्रम बदलताना ती तुटते.

अवतरण, अनुवाद आणि स्वतःचे भाष्य यांना तीन वेगळ्या खुणा द्याव्यात. पाच वर्षांनी स्मरणावर विसंबता येत नाही. दुसऱ्याचे वाक्य आपल्या नावावर जाण्याचे प्रमाद बहुधा येथेच घडतात.

गट आधी ठरवून त्यांत टिपणे कोंबू नयेत. टिपणे साठू द्यावीत आणि गट त्यांतून उगवू द्यावेत. परंतु दर काही आठवड्यांनी एकदा साऱ्या मथळ्यांवरून नजर फिरवून त्या दिवशीचा आराखडा लिहून ठेवावा. आराखड्यांच्या या मालिकेत विचाराची वाटचाल दिसते.

टिपणे साध्या मजकुराच्या स्वरूपात, युनिकोडमध्ये, आज्ञावलीच्या बाहेर काढता येतील याची आरंभीच खात्री करावी. त्यांची एक प्रत दुसऱ्या साधनावर आणि एक दुसऱ्या घरी असावी. घरातील वा संस्थेतील एका तरी व्यक्तीला ती कशी उघडायची हे ठाऊक असावे.

शेवटचा नियम असा की, प्रकरणाचा पहिला खर्डा लिहिण्याचा दिवस आधीच ठरवावा, आणि त्या दिवशी मांडणी जशी असेल तशी घेऊन लिहावयास बसावे. लिहू लागल्यावरच कळते की कोणते टिपण अनावश्यक आहे आणि कोठे पोकळी आहे. ते कळल्यावर पुन्हा टिपणांकडे वळावे. टिपण आणि खर्डा यांच्यामधील ही येरझार हीच ग्रंथाची खरी घडण होय.

अर्थशास्त्राच्या कर्त्याने बत्तीस युक्ती सांगितल्या, त्या संपूर्ण शास्त्र रचून झाल्यावर, अगदी शेवटच्या अधिकरणात. त्या ग्रंथाची ताडपत्रे शतकानुशतके उजेडात नव्हती. तरीही ती म्हैसुरात उघडली गेली तेव्हा ग्रंथ वाचता आला, कारण त्याच्या रचनेचा नकाशा त्याच्यातच लिहिलेला होता. कोणते प्रकरण कोठे आहे, काय मागे येऊन गेले आणि काय पुढे यायचे आहे, हे कर्त्याला विचारावे लागले नाही. टिपणे ठेवणाऱ्या प्रत्येकाने आपल्या संग्रहाला हीच कसोटी लावून पाहावी : तो जवळ नसताना परक्या वाचकाला त्यातून वाट सापडेल काय? सापडत असेल तर साधन कागदाचे आहे की यंत्राचे, हा प्रश्न गौण ठरतो. सापडत नसेल तर मांडणीचे काम अद्याप शिल्लक आहे, आणि ते आजच हाती घेणे इष्ट आहे.